स्लॅबच्या आदल्या दिवशी

नकाशा मंजूर झाला, भूमिपूजन उरकलं, की आर्किटेक्टचं काम संपलं असं बहुतेक घरमालकांना वाटतं. पुढचं कॉन्ट्रॅक्टर बघून घेईल. फी ठरवताना घासाघीस होते तीही साइटवरच्या फेऱ्यांवरूनच. माझ्या मते बंगला बांधताना सर्वांत महागात पडणारी काटकसर हीच. घराचं टिकणं ज्यावर अवलंबून, ते सगळं बांधता बांधता झाकलं जातं. फुटिंग मातीखाली जातं, सळई काँक्रीटमध्ये, पाइप प्लास्टरमागे. आर्किटेक्टने यायचं ते झाकण्याआधी.

त्यातली मोलाची फेरी स्लॅब भरण्याच्या आदल्या दिवशीची. सळई तपासणं ही आरसीसी डिझाइन करणाऱ्या इंजिनिअरची जबाबदारी. पण आर्किटेक्टही त्याच्यासोबत सेंटरिंगवर चढलेला बरा. पंख्याचे बॉक्स ठरल्या जागी आहेत का, बाथरूमचा स्लॅब नकाशाप्रमाणे खाली घेतला आहे का, जाळीखाली कव्हर ब्लॉक आहेत का, हे तेव्हाच दिसतं. साध्या घराच्या स्लॅबला निदान २० मिलिमीटर कव्हर, म्हणजे सळईवर काँक्रीटचा थर, लागतो. तो सुटला तर काही पावसाळ्यांत सळई गंजते, फुगते आणि छताचे पापुद्रे पडू लागतात.

गॅलरीपाशी तर थांबूनच पाहावं. दोन भिंतींवर टेकलेल्या स्लॅबला मधोमध खालच्या अंगाला ताण येतो, म्हणून तिथे मुख्य सळई खाली. भिंतीबाहेर काढलेल्या गॅलरीचं नेमकं उलट. तिचं मोकळं टोक वजनाने खाली जाऊ पाहतं, ताण वरच्या अंगाला येतो, म्हणून मुख्य सळई वर आणि आतल्या स्लॅबमध्ये पुरेशी लांब नेलेली. फिटरला हे ठाऊक असतं, तो बांधतोही बरोबर. पण दुसऱ्या दिवशी सकाळपासून घमेली घेऊन माणसं त्याच जाळीवरून ये-जा करतात. सळईखाली लोखंडी खुर्च्या नसतील आणि चालायला फळ्या टाकल्या नसतील, तर वरची सळई तुडवली जाऊन तळाला बसते. काँक्रीट पडल्यावर ते कुणालाच दिसत नाही. ज्या सळईने गॅलरी पेलायची, ती तिथे असून नसल्यासारखी होते.

दुसरा घात पाण्याचा. ५० किलोच्या गोणीला २५ लिटर पाणी ठरलं असेल आणि माल पातळ हवा म्हणून कुणी आणखी १० लिटरची बादली ओतली, तर पाण्याचं सिमेंटशी प्रमाण ०.५ वरून ०.७ वर जातं. माल भराभर पसरतो खरा, पण ताकद निघून जाते. भरून झाल्यावर मात्र हात आखडायचा नाही. पीपीसी सिमेंट असेल तर निदान दहा दिवस, कडक उन्हाळ्यात चौदा दिवस स्लॅबवर आळी करून पाणी साठवावं. मोजक्या फेऱ्यांत हे सारं पाहणं आर्किटेक्टला शक्य नाही. त्यासाठी सुपरव्हायजर वेगळा ठेवावा. कौन्सिल ऑफ आर्किटेक्चरच्या सेवाशर्तींनुसारही आर्किटेक्टकडून साइटची वेळोवेळी पाहणी अपेक्षित आहे, रोजची देखरेख नव्हे.

फेऱ्या केवळ चुका पकडायला नसतात. केरळमध्ये घरं बांधणारे लॉरी बेकर (१९१७–२००७) समोरचं झाड आणि जमिनीचा उतार पाहून जागेवरच नकाशात बदल करत, गवंड्यांबरोबर उभं राहून काम करून घेत. आपल्यासाठी म्हणून बांधलेल्या घराची खरी चैन तीच. विटा प्लास्टर होण्याआधी घरच्या स्वयंपाक करणाऱ्या माणसाला साइटवर बोलवावं, ओट्याची उंची भिंतीवर खडूने आखावी. पोळ्या लाटताना कोपर कुठे येतं ते तिथेच कळतं. ओटा दोन इंच वर घ्यायचा की खाली, हे त्या दिवशी फुकटात ठरतं. ग्रॅनाइट बसल्यावर त्यालाच हजारो रुपये पडतात.

म्हणून करार करताना फेऱ्यांच्या नुसत्या संख्येवर अडू नये. लाइनआउट, फुटिंगचा खड्डा, प्रत्येक स्लॅबचा आदला दिवस, बाथरूमचं वॉटरप्रूफिंग, प्लास्टरआधीचे पाइप, असे टप्पेच नावानिशी लिहून घ्यावेत. इंजिनिअर आणि आर्किटेक्ट या दोघांच्या सह्या झाल्याशिवाय काँक्रीटची गाडी मागवायची नाही, ही अट कॉन्ट्रॅक्टरच्या करारातही घालावी.