उंच गाडी, मोठे टायर आणि कापडाचा गज

देवळाली प्रवरेची जमीन काळी आणि प्रवरेच्या कालव्यावर पोसलेली. आवर्तन सुटले की उसाच्या फडांतील गाडीवाटा चिखलाने भरतात, आणि एकदा रुतलेले चाक ट्रॅक्टरशिवाय निघत नाही. आमच्या दुकानाची उधारी अशाच वस्त्यांवर पसरलेली असल्याने घरात ‘थार’ आली, तेव्हा ती केवळ हौस नव्हती. पुढे पुतण्याने स्प्रिंगा बदलवून तिची उंची दोन इंच वाढविली आणि दिवाळीत नवा विषय काढला, ‘‘काका, आता तेहतीस इंची टायर बसवू.’’

नाही म्हणण्यापूर्वी हिशेब मांडावा, ही आपली रीत. आम्ही वही घेऊन बसलो.

पहिलाच आकडा त्याला खटकला. स्प्रिंगा उंच केल्याने गाडीचे धूड वर जाते. मागील आस आणि तिच्या मधोमध असलेला डिफरन्शियलचा गोळा जागचा हलत नाही. दगडाला आधी टेकतो तो हाच. त्याला उचलण्याचे सामर्थ्य फक्त टायरमध्ये, तेही व्यासाच्या वाढीच्या निम्मे. कंपनीचा टायर २४५/७५ आर १६. म्हणजे रुंदी २४५ मिलिमीटर, बाजूची उंची त्या रुंदीच्या ७५ टक्के, रिंग १६ इंची. व्यास सुमारे ७७४ मिलिमीटर. पुतण्याच्या मनातील २८५/७५ आर १६ चा व्यास ८३४. साठ मिलिमीटर वाढले, पण आस उचलली गेली तीसच. जेमतेम सव्वा इंच.

या सव्वा इंचाची किंमत काय? माझे वडील कापडाचे व्यापारी होते. गज लांब असला तर गिऱ्हाइकाला कापड अधिक जाते आणि वहीत कमी दिसते. मोठ्या टायरचे तसेच आहे. चाक एका फेऱ्यात अधिक अंतर कापते, मीटर मात्र जुन्याच मापाने मोजतो. मीटर मुळात अचूक धरला, तर काटा ८० वर असताना गाडी ८६ ने धावत असते. शिवाय मोठे चाक फिरविण्यास इंजिनाला अधिक जोर लागतो आणि थांबविण्यास ब्रेकला. नगर-मनमाड रस्त्यावर रात्री, मागे दिवा नसलेली उसाची ट्रॉली अचानक पुढ्यात येते. त्या वेळी पुतण्याच्या शेजारी बहुधा माझी वहिनी बसलेली असते. इथे तो प्रथमच गप्प झाला.

टायर चार नव्हे, पाच घ्यावे लागतात, हेही तो विसरला होता. पाचवा मागच्या दारावर टांगलेला. त्याचे वाढलेले वजन दाराच्या बिजागऱ्यांवर येते. चाक पूर्ण वळविताना अथवा खड्ड्यात वर उचलले जाताना ते आतील प्लास्टिकला घासते, ते निराळेच.

आणि चिखल? रुंद टायर वाळूवर तरंगतो, हे खरे. पण आपली काळी माती चिकट. खाचा भरल्या की टायर कितीही मोठा असो, गुळगुळीतच. इथे रुंदीपेक्षा खोल, मोकळ्या खाचा उपयोगी, कारण त्यांतून माती फेकली जाते. ट्रॅक्टरच्या मागच्या चाकाकडे पाहिले की हे न सांगता कळते. चाकातील हवा थोडी कमी केली तरी पकड वाढते. त्याला पैसा लागत नाही. फक्त डांबरी रस्त्यावर येताच ती पुन्हा भरायची आठवण हवी.

कायद्याची बाब मी शेवटी ठेवली, कारण तरुणांना ती आधी सांगितली की पुढचे ऐकू येत नाही. मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ आणि सर्वोच्च न्यायालयाचा जानेवारी २०१९ चा निर्णय यांनुसार उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल करता येत नाहीत. उंची वाढविली तेव्हाच हे विचारायला हवे होते. तेव्हा मीही विचारले नाही, ही माझी चूक. विमा कंपनीला न कळविलेला फेरफार अपघातानंतर दाव्याच्या आड येऊ शकतो, आणि तो धोका आज आमच्या डोक्यावर आहेच.

त्याने मग मधला पर्याय मांडला: २६५/७५ आर १६, व्यास ८०४. मीटर ८० दाखवील तेव्हा वेग ८३. टायरच्या धंद्यात व्यासातील फरक तीन टक्क्यांच्या आत ठेवण्याचा दंडक सांगतात. हा चारच्या जवळ जातो. मी वही मिटली नाही. अखेर ठरले ते असे: आकार कंपनीचाच, पण खोल खाचांचे नवे पाच टायर, आणि जुन्या स्प्रिंगा परत बसविण्याचा खर्च दोघांनी निम्मा-निम्मा सोसायचा.

जुन्या स्प्रिंगा गोदामात गुळाच्या ढेपांमागे सापडल्या. त्याने त्या फेकल्या नव्हत्या.