दाढ कुठली, दाताची की भाताची?



लावणी उरकल्यावर आमच्या ग्रामसंघाच्या बैठकीत एका वहिनींनी विचारलं, "ताई, फोनवर नुसतं बोलायचे पैसे मिळतात म्हणे. खरं काय?" सगळ्या हसल्या. पण गोष्ट खरी आहे.

फोनला आपण मराठीत विचारतो आणि तो उत्तर देतो. हे त्याला कुणीतरी शिकवावं लागतं. माणसं वाक्यं मोठ्यानं वाचतात, त्याचं रेकॉर्डिंग होतं. आवाज आणि अक्षरं यांची जोडी हजारो वेळा दाखवली की यंत्र ओळखायला लागतं. मायक्रोसॉफ्टच्या संशोधकांनी इतरांबरोबर असं काम मराठीत केलं. २०२० साली त्याची माहिती प्रसिद्ध झाली. ३६ जणांनी मिळून १०९ तासांचं मराठी रेकॉर्डिंग केलं. त्यांत खेड्यातली, शहरातल्या वस्तीतली माणसं होती, तसे विद्यार्थीही होते. गरीब घरातल्या माणसांचं काम विद्यार्थ्यांच्या तोडीचं ठरलं.

आम्हाला वाटतं, यात आपणही असायला हवं. फक्त शहरातलं मराठी ऐकलेल्या यंत्राला 'दाढ' म्हटलं तर ते दातांच्या डॉक्टरकडे पाठवेल. आपण तर भाताच्या दाढीबद्दल विचारत असतो! उद्या शेतीचा सल्ला, बँकेची कामं बोलूनच होणार असतील, तर आपली बोली त्याला कळलीच पाहिजे.

पण सावध राहा. आमच्याच एका गटातल्या ताईंनी "घरबसल्या टायपिंग" म्हणून १५०० रुपये नोंदणी भरली. काम आलं नाही, नंबर बंद झाला. बचतीचे पैसे होते, त्यामुळे घरी सांगायलाही त्या घाबरल्या. म्हणून काम घेण्याआधी हे बघा:

१. काम देणारा पैसे देतो, मागत नाही. नोंदणी, डिपॉझिट मागितलं की तिथेच थांबा.

२. ओटीपी, पिन कुणालाही सांगू नका.

३. एका तासाचे किती आणि कधी मिळणार, हे लेखी घ्या.

४. आपला आवाज कशासाठी वापरणार, ते विचारा. २०२३च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात संमतीची सूचना मराठीतही मिळावी, अशी तरतूद आहे. न समजता 'हो' दाबू नका.

५. फसवणूक झालीच तर लगेच १९३० या नंबरवर फोन करा. जितका उशीर, तितके पैसे मिळणं कठीण.

आणखी एक सांगतो. हे काम बारमाही नाही. रेकॉर्डिंग संपलं की कामही संपतं. त्यामुळे काजू, आमसुलं, पापड सोडून यामागे लागू नका. जोडधंदा म्हणून बघा.

फसलेल्या ताईंनी शेवटी बैठकीत सगळं सांगितलं, म्हणून बाकीच्या पंधराजणी वाचल्या. तुमच्या गटातही कुणी गप्प असेल. पुढच्या बैठकीत हा विषय नक्की काढा.