लिवोर्नोचे लेगहॉर्न कसे झाले?

पांढरी अंडी देणारी व्हाइट लेगहॉर्न कोंबडी महाराष्ट्रातल्या पोल्ट्रीवाल्यांना चांगलीच ठाऊक आहे. तिचे नाव मात्र इटलीतल्या तोस्काना प्रांतातल्या एका बंदराचे आहे. तिथले लोक आपल्या गावाला लिवोर्नो म्हणतात. इंग्रजांनी शेकडो वर्षे त्याला लेगहॉर्न म्हटले. इंग्रजीत 'लेग' म्हणजे पाय आणि 'हॉर्न' म्हणजे शिंग. तेव्हा परक्या खलाशांनी मूळ नावाची मोडतोड केली असावी, असे कोणालाही वाटेल. पण पुरावे पाहिले की हा समज टिकत नाही. सोळाव्या-सतराव्या शतकांत खुद्द इटालियनमध्ये 'लेगोर्नो' हे रूप प्रचारात होते, आणि जेनोवाच्या बोलीत या गावाला 'लिगोर्ना' म्हणतात. फ्लॉरेन्सने १४२१मध्ये एक लाख सुवर्ण फ्लोरिन मोजून हे बंदर घेतले, तेही जेनोवाकडूनच. म्हणजे 'ग' इटलीतलाच; इंग्रजांनी तो फक्त जपला. ओळखीच्या शब्दांसारखे स्पेलिंग, एवढीच त्यांची भर.

पण इटलीत मागे पडलेले रूप इंग्रजीत इतके घट्ट का रुजले? याचे उत्तर व्यापारात आहे. ग्रँड ड्यूक पहिला फेर्दिनांदो याने १५९१ आणि १५९३मध्ये सनदा काढून सर्व देशांच्या व्यापाऱ्यांना इथे बोलावले. ज्यू आले, इंग्रजही आले. तोस्कानाच्या खेड्यांत गव्हाच्या काडाच्या टोप्या विणल्या जात, पण इंग्लंडात त्या 'लेगहॉर्न' म्हणूनच ओळखल्या गेल्या. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेला गेलेल्या कोंबड्यांनाही तेच नाव पडले. माल कुठलाही असो, तो ज्या बंदरातून निघाला त्याचे नाव त्याला चिकटले. मुंबईच्या डोंगरीचे नावही असेच जाड कापडाबरोबर इंग्रजीत गेले आणि 'डंगरी' झाले.

मग आजही लेगहॉर्नच म्हणावे का? चर्चिल यांचा तसा आग्रह होता. परकी नावे बदलत गेलो तर उद्या लेगहॉर्नलाही लिवोर्नो म्हणावे लागेल, अशी तक्रार त्यांनी १९४५मध्ये केली होती. ती मान्य करण्याजोगी नाही. गावाला काय म्हणायचे, हे ठरवण्याचा पहिला हक्क तिथे राहणाऱ्यांचा आहे. म्हणून नकाशावर लिवोर्नोच हवे. पण त्यासाठी जुन्या नावाला अपभ्रंश ठरवण्याचे कारण नाही. इटालियनने टाकून दिलेला एक उच्चार त्या नावाने सांभाळला, आणि तो आज आपल्या पोल्ट्रीतही ऐकू येतो.