दात, देंतो आणि पल : अवयवांच्या शब्दांतून काय कळतं?

पहिल्या वर्षाची गोष्ट. सावलीला घरी बसून मी गोंडी शब्दांचं रेकॉर्डिंग ऐकत होतो. ‘कन’ ऐकलं आणि बिनदिक्कत ‘कान’च्या रकान्यात लिहून टाकलं. पुढे कळलं, गोंडीत ‘कन’ म्हणजे डोळा. सगळी यादी पुन्हा तपासावी लागली. आता विचार करा, हीच चूक दवाखान्यात झाली, तर थेंब कुठे पडतील?

भाषांची तुलना करताना अवयवांचे शब्द आधी घेतात, कारण ते सहसा उसने घेतले जात नाहीत. पण आधी एक उलटं उदाहरण बघू.

१८८७ साली झामेनहॉफ यांनी एस्पेरांतो ही भाषा मांडली. तिचे शब्द वेचून घेतलेले आहेत: ‘ओकुलो’ (डोळा) लॅटिनमधून, ‘बुशो’ (तोंड) फ्रेंचमधून, ‘हाउतो’ (त्वचा) जर्मनमधून. दाताला तिथे ‘देंतो’ म्हणतात. आपला ‘दात’ संस्कृत ‘दन्त’वरून आला. लॅटिन आणि संस्कृत एकाच कुळातल्या, म्हणून देंतो आणि दात दूरचे भाऊबंद.

आणि शेजारची गोंडी? तिथे दात म्हणजे ‘पल’. तमिळमध्येही ‘पल’, कन्नडमध्ये ‘हल्लु’. हा ‘प’चा ‘ह’ योगायोग नाही. तमिळ ‘पाल’ (दूध) कन्नडमध्ये ‘हालु’ होतं. असा बदल शब्दामागून शब्दात नियमाने दिसला, तरच नातं मानायचं. गोंडी ‘कन’चं नातं तमिळ ‘कण्’शी आहे, तर मराठी ‘कान’ संस्कृत ‘कर्ण’वरून आलाय. दोन्ही सारखे वाटतात, एवढंच.

म्हणजे सावलीतला दात युरोपातल्या देंतोचा नातलग, पण शेजारच्या पलचा नाही!

तरी घाई नको. मराठी ‘पोट’, प्राकृत ‘पोट्ट’, तेलुगू ‘पोट्ट’ हे शब्द बघा. कुळं वेगळी, शब्द मात्र जवळजवळ एकच. इथे शेजाराच्या देवाणघेवाणीचा विचार करावाच लागतो. ‘अवयवांचे शब्द उसने घेत नाहीत’ हा कल आहे, कायदा नव्हे.

तुम्ही यादी करायला निघालात, तर शब्द नुसता ऐकून लिहू नका. अवयवावर बोट ठेवून विचारा, अनेकवचन विचारा, दुसऱ्या माणसाला पुन्हा विचारा. अर्थाचा रकाना मात्र आपल्या कानावर विसंबून भरू नका. मी भरला होता.