निकाहनामा आहे, नोंदणी केली का?

माझी एक माजी विद्यार्थिनी परवा शाळेत आली. शौहर आखातात, व्हिसासाठी विवाह प्रमाणपत्र हवे. पण निकाहनाम्यात तिचे घरातले लाडके नाव, दाखल्यावर वेगळेच. चार वर्षांत नोंदणीही नाही.

काझीसाहेबांचा निकाहनामा हा निकाहचा पुरावा आहेच. तरी महाराष्ट्रात १९९८ च्या कायद्यानुसार ९० दिवसांत नोंदणी करावी लागते. नमुना ‘ड’ अर्ज, त्यावर काझींची सही, वयाचे व पत्त्याचे पुरावे, फोटो आणि तीन साक्षीदार लागतात. निकाहनामा उर्दूत असेल तर भाषांतर जोडावे. मुदत टळली तरी जादा शुल्क भरून नोंदणी होते.

मंगनीच्या दिवशीच दोघांची नावे शाळेच्या दाखल्याशी ताडून पाहा. मेहरची रक्कम अंकी-अक्षरी लिहून घ्या. लेकीच्या जहेजपेक्षा हा कागद तिला जास्त उपयोगी पडेल.