उद्याची गिटार कशाची?

उद्याची गिटार कशी असेल, हे तुम्हांला सांगता येईल का? त्यासाठी ज्योतिष नको. तिचे लाकूड कोठून येते, एवढे पाहा.

गिटारची पाठ आणि तारा दाबण्याची पट्टी पुष्कळदा शिसवी लाकडाची असते. उर्दूत तुम्ही ज्याला शीशम म्हणता, त्याच्याच जातकुळीतले हे झाड. चंद्रपूर-गडचिरोलीच्या सागाच्या जंगलांतही ते आढळते. त्याचे लाकूड कठीण असल्यामुळे पट्टी लवकर झिजत नाही. पण हे झाड फार सावकाश वाढते.

पूर्वी उत्तम गिटारींसाठी ब्राझीलचे शिसवी लाकूड वापरत. त्याची इतकी तोड झाली, की १९९२ साली त्याच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर बंदी आली. कारागीर भारतीय शिसवाकडे अधिक वळले. २०१७ पासून त्याच्या व्यापारालाही परवाना लागू लागला. २०१९ मध्ये तयार वाद्यांना सूट मिळाली, तरी पर्यायांचा शोध चालूच राहिला. कोणी दुसरे लाकूड घेतो, कोणी कार्बनचे धागे, तर कोणी बांबू.

बांबू हे खरे म्हणजे गवत! तो तीन-चार वर्षांत तोडणीला येतो आणि बेटातून पुन्हा कोंब फुटतात. गडचिरोलीतील मेंढा-लेखा गावाला २०११ साली आपल्या जंगलातील बांबू विकण्याचा हक्क मिळाला. चंद्रपूरजवळ चिचपल्लीला बांबूचे प्रशिक्षण केंद्रही आहे.

मग आपला अंदाज काय? शिसव जपून वापरला जाईल आणि बांबूला मान मिळेल. जंगल टिकले, तरच सूर टिकेल.