ओतीव लोखंडाची बुलेट

जॅग्वारची ई-टाइप ही मोटार मार्च १९६१ मध्ये जिनिव्हाच्या प्रदर्शनात पहिल्यांदा लोकांसमोर आली. ब्रिटनमध्ये तेव्हा ती दोन हजार पौंडांच्या आसपास मिळत असे. आज सुरुवातीच्या काळातल्या, नीट राखलेल्या ई-टाइपला लाखभर पौंड मोजणारे लोक आहेत. ॲस्टन मार्टिनची डीबी५ याहूनही कितीतरी महाग. बेंटलेने १९५२ ते १९५५ या काळात घडवलेल्या आर-टाइप कॉन्टिनेंटल तर जगात मुळातच २०८. या साऱ्या ‘ग्रँड टूरर’ घराण्यातल्या मोटारी. माणसे आणि सामान घेऊन एका दमात शेकडो मैल जायचे आणि तरी उतरताना अंग आंबू द्यायचे नाही, यासाठी त्यांचा जन्म. गडचिरोली जिल्ह्यातल्या वडशाच्या बाजारात यातली एकही दिसणार नाही. पण त्याच इंग्रजी कारखानदारीतून आलेले, लांब पल्ल्याचेच एक यंत्र पूर्व विदर्भाच्या या झाडीपट्टीत अजून धावते, आणि त्याचाही भाव चढतोच आहे. ते म्हणजे ओतीव लोखंडी इंजिनाची जुनी बुलेट. या दोन्हींची किंमत एकाच कारणाने टिकली आहे, आणि ते कारण हौस किंवा श्रीमंती नव्हे. ही यंत्रे उघडता येतात आणि पुन्हा जोडता येतात, हे ते कारण.

बुलेट हे नाव इंग्लंडमधल्या रेडिच गावचे, १९३२ सालापासूनचे. भारतीय सैन्याला सीमेवर गस्तीसाठी दणकट गाडी हवी होती. त्या मागणीतून १९५५ साली मद्रास मोटर्स आणि रेडिचची कंपनी यांनी मिळून एन्फिल्ड इंडिया उभी केली. पुढे साचे आणि हत्यारेही मद्रासला आली. रेडिचचा कारखाना १९६७ साली बंद पडला, १९७० मध्ये इंग्लंडमधले उरलेले उत्पादनही थांबले. मद्रासचे मात्र चालूच राहिले. १९७७ पासून तर हीच गाडी मद्रासहून इंग्लंडला जाऊ लागली. आईबापांच्या घरी दिवा विझला आणि लेकीच्या घरी तेवत राहिला, असा हा प्रकार. इंजिन ३४६ सीसीचे, ७० मिलिमीटर व्यासाचे आणि ९० मिलिमीटर लांब स्ट्रोकचे. त्यामुळे ते कमी फेऱ्यांतच जोर लावते, आणि रस्ता उखडलेला असो की चढाचा, सारखे गिअर पाडावे लागत नाहीत. तो संथ, सुटा-सुटा ठोका याच लांब स्ट्रोकमधून येतो. सुरू करायची रीतही वेगळी: अँपिअर मीटरचा काटा मध्यावर आणायचा, डिकॉम्प्रेसर ओढून किक थोडी खाली घ्यायची आणि मग पूर्ण मारायची. घाई केली की किक उलटते. गिअर उजव्या पायाला, ब्रेक डाव्या. इंजिन वेगळे, गिअरबॉक्स वेगळा. एकात बिघाड झाला तर दुसऱ्याला हात लावावा लागत नाही. पॉइंट घासणे, टॅपेट लावणे, क्लचप्लेटा बदलणे ही कामे पान्यांचा एक संच आणि जाणता मिस्त्री असेल तर झाडाच्या सावलीत होतात.

यावर पहिला आक्षेप असा येईल की भाव दुर्मीळपणामुळे चढतो, दुरुस्तीचा काय संबंध? पण ई-टाइप दुर्मीळ नाही. ती सत्तर हजारांहून अधिक बनली. एमजीबी ही इंग्रजी मोटार तर पाच लाखांच्या घरात गेली. तिचे सांगाडे मूळ साच्यांवर १९८८ पासून इंग्लंडात पुन्हा बनू लागले, म्हणून गंजलेल्या एमजीबीसुद्धा भंगारातून परतल्या. दुर्मीळपणा भाव किती हे ठरवतो, मान्य. पण मुळात भाव राहील की गाडी किलोवर जाईल, हे सुटे भाग आणि जाणते हातच ठरवतात. दुसरा आक्षेप: हा पैसेवाल्यांचा सट्टा आहे. सट्टा झालाही. ऐंशीच्या दशकाअखेर ई-टाइपचे भाव फुगले आणि नव्वदीच्या आरंभी कोसळले. सट्टेबाज गेले, मोटारी मात्र राहिल्या, कारण त्या दुरुस्त करणारी गॅरेजे होती. खुद्द जॅग्वारने २०१७ मध्ये जुन्या ई-टाइप पुरत्या सोडवून नव्याने जोडून विकायला सुरुवात केली. तिसरा आक्षेप सर्वांत वजनदार: जुनी गाडी धूर सोडते, तेल गळते, तिचे ड्रम ब्रेक आजच्या रहदारीला पुरत नाहीत. हे सगळे खरे आहे. रोजच्या कामाला नवी गाडीच घ्यावी. पण वर्षाकाठी थोडीच धावणारी गाडी राखणे आणि तिच्यावर रोज मैल तोडणे यांत फरक आहे, आणि सरकारनेही तो मानला आहे.

वडशाच्या भागात दुरुस्तीचा हा मुद्दा अधिक लागू पडतो. गडचिरोली जिल्ह्याला आजवर रेल्वेचे स्टेशन मिळाले ते वडशालाच. वडसा-गडचिरोली मार्गाचे काम अजून चालूच आहे. उतरल्यावर कुरखेडा, कोरची, आरमोरी किंवा त्याहून आत जायचे तर रस्ताच, आणि दोन गावांमध्ये मैलोगणती जंगल. अशा वाटेवर लॅपटॉप जोडल्याशिवाय दोष न सांगणारी गाडी अडली की अडलीच. बुलेटचा दोष बहुधा कानाला कळतो. ओतीव लोखंडी इंजिन बनणे २०१० च्या सुमारास थांबले. म्हणजे जुन्या गाड्यांत आता भर पडणार नाही, आणि त्यांचे पॉइंट कानाने लावणारे मिस्त्रीही म्हातारे होत चालले. त्यांच्या हाताखाली पोरे शिकली नाहीत, तर चढलेला भाव उतरायला वेळ लागणार नाही.

राखायची गाडी आणि रोजची गाडी यांतला फरक सरकारने मानला तो असा: केंद्राच्या १५ जुलै २०२१ च्या नियमांनुसार पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षे झालेल्या, मूळ रूपात राखलेल्या दुचाकी आणि चारचाकींना ‘व्हिंटेज’ म्हणून वेगळी नोंदणी मिळते. नव्या नोंदणीचे शुल्क २० हजार रुपये, मुदत १० वर्षे. गाडी प्रदर्शनाला, रॅलीला, दुरुस्तीला नेता येते. रोज वापरता येत नाही. १९७६ साली नोंदलेली बुलेट २०२६ मध्ये या नियमात बसते. झाडीपट्टीत कुणाच्या गोठ्यात, पोत्यांखाली अशी गाडी उभी असेल, तर तिचे आरसी बुक आधी शोधून ठेवा. मडगार्ड कापू नका, टाकी खरवडू नका, मूळ हँडल बदलू नका. आणि भंगारवाल्याला हाक मारण्याआधी गावातल्या जुन्या मिस्त्रीला एकदा दाखवा.